पहिल्या समईची ज्योत

मी एक कापडी तक्ता बोलतोय. नद्या-पर्वतांचा नव्हे, माझ्या अंगावर बायबलात सांगितलेला जगाचा शेवट रंगवलेला आहे. दचकू नका. एकतीस वर्षं मी तो अंगावर वागवतोय आणि माझं फारसं काही बिघडलेलं नाही. कडा तेवढ्या उसवल्यात.

माझ्या डाव्या बाजूला सात समया आहेत, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या सात मंडळ्या. मधोमध सात डोक्यांचं श्वापद, त्याच्या पाठीवर लालभडक वस्त्रातली, हाती सोन्याचा पेला घेतलेली बाई. उजव्या कोपऱ्यात, सगळं आटोपल्यावर वरून उतरणारं उजळ नगर. शेवटच्या काळात देवाची माणसंच विश्वासापासून कशी ढळतील, हे समजावून सांगायला मला बनवलं गेलं.

मला रंगवलं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं. सात डोक्यांचं जनावर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मग दोन डोकी शेजारच्या कुत्र्याची घेतली, एक बोक्याचं, एक बोकडाचं, असं करत सहा जमवली. सातवं काही केल्या सुचेना, तेव्हा त्यानं आपल्या सासऱ्याचं घेतलं. हे फक्त मला आणि त्याला ठाऊक आहे. उपासनेला येणारी मुलं मात्र त्या सातव्या डोक्याला सगळ्यात जास्त घाबरायची.

समयांच्या ज्योती पेंटरच्या नव्हत्या. त्या आमच्या मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांच्या धाकट्या बहिणीनं शिवल्या. ती शिवणकाम करायची. तिनं पिवळ्या साटीनच्या सात ज्योती कापल्या, प्रत्येकीच्या पाठीला एक टिचबटण लावलं आणि त्याचं जोडीदार बटण माझ्या अंगावर शिवलं. कल्पना तिचीच. वचन सांगताना ज्योत काढून दाखवता आली, तर शेवटच्या बाकावरच्या माणसालाही कळेल, असं तिचं म्हणणं. सुई माझ्यातून आरपार जात होती, पण तिचा हात इतका हलका होता की मला त्याची ओढ लागली.

वर्षातून एकदा आमच्याकडे समयांचा रविवार असायचा. मला भिंतीवर टांगायचे. पाळकसाहेब तेव्हा तरणेबांड होते, आवाज खणखणीत. पहिल्या समईशी आले की ते थांबायचे, ज्योत धरायचे आणि ‘टच्’ असा आवाज करून काढायचे. सगळं सभागृह चिडीचूप व्हायचं. मग ते हळू आवाजात सांगायचे, की ढळलेल्या मंडळीची समई प्रभू अशी काढून घेईल; पण ही चित्रं दुसऱ्याला ओळखण्यासाठी दिलेली नाहीत. यांत शेजारी दिसू लागला, तर समजा तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. पुढच्या बाकावर बहीण मान डोलवायची. घरी जाताना दोघं मला एकेका टोकाला धरून न्यायची आणि वाटेत सातव्या डोक्यावरून हसायची. माझे सुखाचे दिवस ते हेच.

पुढे काय झालं ते नेमकं कधी झालं, मला सांगता येणार नाही. कापडाचा रंग उडतो तसं झालं. पाळकसाहेबांनी खोटी शिकवण हुडकायला सुरुवात केली. त्यात ते चुकत नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. जगाच्या शेवटाची तारीख काढणाऱ्या एकाला त्यांनी उघडं पाडलं, ते बरंच केलं. पण मग ती सवयच लागली. कोण काय वाचतो, कोण कुठे जातो, कोण किती रविवार आला नाही. एकेक बाक रिकामा होत गेला आणि ते म्हणायचे, चाळण लागतेय.

अशात एक म्हातारा शिंपी वारला. बहिणीला शिवण शिकवलं ते त्यानंच. शेवटची दोन-अडीच वर्षं तो उपासनेला फिरकला नव्हता. पाळकसाहेबांनी त्याची अंत्यविधीची प्रार्थना करायला साफ नकार दिला. बहिणीनं परोपरीनं विनवलं, पण ते हटले नाहीत. शेवटी पुलापलीकडच्या मंडळीनं त्याला माती दिली. तिकडे ढोलकं वाजवतात, कोणीही येऊन बसतं. बहीण म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेबरोबर तिकडे गेली आणि तिकडचीच झाली.

त्या वर्षीच्या समयांच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुठ्ठ्याची एक पट्टी आणली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘पुलापलीकडची मंडळी’ असं लिहिलं होतं. ती त्यांनी पहिल्या समईखाली टाचली आणि ज्योत काढली. हीच ती भाकीत केलेली धर्मत्यागी मंडळी, ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मी तक्ता, मूग गिळून टांगलेला राहिलो.

शेवटच्या बाकावर बहीण बसलेली होती. कधी आली, कोणाला कळलं नाही. उपासना संपली, माणसं पांगली, तशी ती पुढे आली. ज्योत अजून भावाच्या हातातच होती.

“दादा, या पहिल्या मंडळीचा दोष तू पूर्वी मला समजावला होतास,” ती म्हणाली. “खोटे लोक तिनं बरोबर पारखले होते. कष्टांतही ती कमी नव्हती. फक्त सुरुवातीला होतं ते प्रेम तिनं सोडलं होतं. हे आमच्यासारखं वाटतं, की तुझ्यासारखं?”

त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला, पण क्षणभरच.

“आणि समई काढून घेणारा वेगळा आहे. ते काम तुला कोणी सांगितलं?”

“ज्योत घे म्हणालो नाही मी तुला,” ते तुटकपणे म्हणाले, कारण तिनं ती त्यांच्या हातातून अलगद घेतली होती.

“बटण सैल झालंय. लावून देते,” ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर अकरा वर्षं पहिली समई ज्योतीवाचून राहिली. पाळकसाहेबांनी नवी शिवून घेतली नाही. लोकांना वाटायचं, मुद्दामच रिकामी ठेवलीय. तेही तसंच सांगायचे. पण सामसूम झाली की ते माझ्यापाशी येऊन त्या मोकळ्या बटणावर बोट फिरवायचे. माणसं अशी का असतात, मला कळत नाही. पूल चालून जायला दहा मिनिटं लागतात.

एकदा निरोप आला, बहीण अंथरुणाला खिळलीय, भेटून जा. निरोप घेऊन भाची, बहिणीची मुलगी, आली होती. पाळकसाहेब खिडकीशी गेले. मग म्हणाले, “आधी तिला परत ये म्हणावं.” भाची म्हणाली, मामा, तिला उठून बसताही येत नाही. त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता वळतील, मग वळतील. भाची जिना उतरून गेली, तरी ते वळले नाहीत.

तीन आठवड्यांनी बहीण गेली.

पुढचा समयांचा रविवार आला तेव्हा सभागृहात नऊ माणसं होती. पाळकसाहेब मला टांगत असताना भाची आली. ती बसमध्ये कंडक्टर आहे; गणवेशातच होती. तिनं एक लिफाफा पुढे केला. आत ज्योत होती, धुऊन इस्त्री केलेली. पाठीला नवं बटण, बारीक आणि घट्ट टाक्यांचं.

“ज्योत नेली त्याच आठवड्यात लावलं होतं तिनं,” भाची म्हणाली. “तू येशील तेव्हा देईन म्हणून ठेवलं.” मग तिनं सांगितलं, “मातीच्या दिवशी तू आमच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभा होतास. मी पाहिलं. हाक मारायला हवी होती मी.”

पाळकसाहेबांनी पुठ्ठ्याची पट्टी काढली. ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, नऊ माणसांदेखत, आमच्याच मंडळीचं नाव लिहिलं. ती पट्टी त्यांनी पहिल्या समईखाली टाचली. मग ज्योत लावायला गेले. ‘टच्’ झालंच नाही. तिचं बटण नवं होतं, पण माझं इतकी वर्षं उघडं राहून गंजलं होतं. त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं. ज्योत दर वेळी खाली पडली. तिसऱ्यांदा ती उचलायला वाकले ते तिथेच बसले आणि रडले. मलाही रडता आलं असतं तर बरं झालं असतं. दोष माझ्याकडच्या बटणाचाही होता.

शेवटी भाचीनं आपल्या गणवेशाची, कॉलरच्या तुटक्या गुंडीच्या जागी लावलेली सेफ्टी पिन काढली आणि ज्योत मला टोचून बसवली. कॉलर एका हातानं धरून ती उपासना संपेपर्यंत बसून राहिली.

आता पाळकसाहेब थकलेत, समयांचा रविवार होत नाही. मी कपाटावर गुंडाळून पडलेला असतो. कधीतरी ते मला उतरवतात, थोडासा उलगडतात, पहिल्या समईपर्यंतच. श्वापदापर्यंत जातच नाहीत.

माझे दिवस भरत आलेत. उद्या कोणी हे कपाट आवरेल, सात डोकी पाहून हसेल, मला पोतेऱ्यात टाकेल. खुशाल टाका. फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पिन आहे. गंजेल, बोटाला लागेल, तरी ती काढू नका. एवढं एकच काय ते त्या दोघांमध्ये जोडलं गेलंय.