वन्सं माती मागायला आल्या

ऐन जेवणाच्या वेळेला नदी पायऱ्या चढून हौसाबाईच्या उंबऱ्याशी आली. पायऱ्या तिच्याच. फार पूर्वी ती एवढ्या उंचावरून वाहायची. मग एकेक टप्पा खाली उतरली आणि जाताना चिकणमाती, वाळू, गोटे मागे ठेवून गेली. त्या सगळ्याच्या डोक्यावर हौसाबाईचं घर.

नदी गावची लेक, म्हणजे सून होऊन आलेल्या हौसाबाईची नणंदच. तिला बघून हौसाबाईनं पदर सावरला.

"या वन्सं. आज वर कशा?"

"तुमच्या घराखाली माझी माती राहिलीय, वहिनी."

"ती तर तुम्ही केव्हाच टाकून गेलात!"

"ठेवली होती. टाकली नव्हती."

नणंदेशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? नदीनं माती नेली. घर अलगद खाली टेकलं. चुलीवरचं दूधसुद्धा हिंदकळलं नाही. माहेरवाशिणीला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून हौसाबाईनं वाटीभर चटणी दिली.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, नदीनंही केलं नाही. वाटीत जिवंत खेकडा होता. जाताना तिनं वाळू नेली, वर पातेलंभर पिठलं. पातेलं परत आलं तेव्हा त्यात वल्ह्यांसकट होडी होती. मग गोटेही गेले.

"बरं झालं," खाटेवरून तिचे यजमान मुरलीअण्णा म्हणाले, "आंघोळीला उतरायचा त्रास वाचला."

"गप बसा हो! आता त्या घरच मागतील."

नदीनं मागितलंच. "विटा माझ्या मातीच्या, गिलावा माझ्या वाळूचा, पायाभरणीत गोटे माझे."

लग्न होऊन हौसाबाई याच घरात आली होती, दुसरं घर तिला ठाऊक नव्हतं. तिनं कोंबड्या आत घेतल्या, अण्णांची खाट मध्ये ओढली आणि स्वतः पाटावर बसली.

"न्या. पण भांडं म्हणून न्या. मी भरून दिलंय. परत कसं करायचं, ते तुम्हाला शिकवायला नको."

नदीनं घर कडेवर घेतलं आणि निघाली.

"वन्सं, मासे नकोत हं! ह्यांना काटे काढता येत नाहीत!"

पहिल्याच वळणावर माजघरात काहीतरी ओतल्याचा आवाज आला. आधी गोट्यांची खडखड. मग बराच वेळ वाळूची सरसर. हौसाबाईनं पाय वर घेतले आणि मऊ काय येतंय, त्याची वाट बघत बसली.