पोशेऱ्याच्या विहिरीतले शंख

नात प्रमिला सासरी गेली त्या वैशाखात, लग्नाचा मांडव उतरायच्या आतच, सावळा पोशेरा गावाच्या विहिरीत शिडीने उतरत होता. ही विहीर त्यानेच तरुणपणी पहारीने खोदलेली. खाली बांबूच्या माचीवर मीना मॅडम त्याची वाट पाहत उभ्या होत्या. नाशिकच्या कॉलेजात त्या खडकांचं शास्त्र शिकवत. मोखाड्याच्या बाजारात गाठून सावळाच त्यांना घेऊन आला होता.

“काका, घसरलास तर गाळाबरोबर तुलाही उपसावं लागंल!” वरून पुतण्या कमलेश ओरडला. तो गवंडी. दुपारपासून विहिरीला आतून काँक्रीट घालायचं काम त्याच्याकडे होतं.

“तू सिमेंट कालव रं.”

“नी शंख गावले तर आमाला पण आण!”

वरची माणसं हसली. चाळीस वर्षं हसतच होती. काळ्या पाषाणाच्या पोटात मातीचा थर आहे नि त्यात शंख आहेत, असं सावळा सांगे, आणि जव्हारपर्यंत लोक त्याला ‘शंख्या’ म्हणत. आज काँक्रीट चढलं, की तो कायमचा खोटा ठरणार होता.

माचीवर टेकून त्याने शेवाळ पुसलं. वर काळा दगड, खाली काळा दगड, मधे वीतभर फिकट हिरवी माती. मॅडमनी भिंग लावलं. थराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते बोटाबोटाने सरकवत नेलं.

“काका, हे तळं आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “खालचा दगड म्हणजे जमिनीच्या पोटातून वर आलेला तापलेला रस. तो निवला, वर पाणी साठलं, गाळ बसला, गोगलगायी राहिल्या. मग पुन्हा वरून रस आला.”

“तवा हितं कोण राहायचं?”

“कोणीच नाही. माणूस जन्मलाच नव्हता.”

सावळाने तांदळाएवढा शंख बोटाने चाचपला.

“म्हंजे पयल्यांदा मीच बघितला.”

“तुम्हीच.”

वर आल्यावर मॅडमनी सगळ्यांना भिंगातून शंख दाखवला. या वेळी कोणी हसलं नाही.

“मी पंचायतीत बोलते. काम थांबवायला सांगते.”

“नको,” सावळा म्हणाला. “ही माती सुटते नी पाणी गढूळ होतं. पोरं तेच पितात.” तो कमलेशकडे वळला. “बांध.”

चार दिवसांनी काँक्रीटला आधाराला लावलेल्या फळ्या निघाल्या. शंखांच्या थराच्या उंचीवर एक चौकोन मोकळा सोडलेला होता. त्यावर जुन्या जीपची काच घट्ट बसवली होती.

“हे कशाला रं?”

“उजेड यायला,” कमलेश म्हणाला आणि खाली मान घालून थापी धुवत राहिला.

सावळा त्याच वर्षी मार्गशीर्षात, मंगळवारी सकाळी वारला.