माझ्या गजाला खोबरेल लावलं, त्याची हकिकत

मित्रांनो, मी एक जुनं व्हायोलिन आहे. गिटार नाही. सारंगीही नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण नाशिकमध्ये माझं निम्मं आयुष्य हेच सांगण्यात गेलं आहे.

माझा जन्म कोलकात्याच्या एका कारखान्यात झाला. लाकूड चांगलं, तारा चार, स्वभाव शांत. स्वभाव नंतर बिघडला, त्याची कारणं पुढे येतीलच. सटाण्याचा वाल्मीक नावाचा मुलगा कांद्याची शेती भावांवर सोडून नाशिकला संगीत शिकायला आला आणि त्यानं मला विकत घेतलं. गावाला वाटलं, पोरगा बँडमध्ये लागला. त्याच्या आई, कुसाबाई, विचारणाऱ्यांना तसंच सांगत, आणि जरा आवाज खाली घेऊन सांगत.

वाल्मीकनं नाशिकरोडला पिठाच्या गिरणीवर क्लास काढला. खाली दळण, वर सारेगम. गिरणी सुरात होती, हे मला मान्य करावं लागेल. विद्यार्थ्यांबद्दल तसं म्हणता येणार नाही. पालक पहिल्याच दिवशी विचारत, गॅदरिंगपर्यंत दोन गाणी बसतील ना. सगळ्यांत नियमित विद्यार्थी म्हणजे सहादूकाका, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. स्वतःचं व्हायोलिन घरी ठेवून ते क्लासमधलं वाजवत. घरी पहाटे कडक सराव चालतो, असं दर आठवड्याला सांगत, आणि दर आठवड्याला त्यांचा सा नव्या ठिकाणी सापडे.

संध्याकाळी आमचे कार्यक्रम. हळदीच्या समारंभात आम्हाला पाणीपुरीच्या काउंटरशेजारी बसवत. विंचूरकडे वाइनच्या एका सोहळ्यात लोक डोळे मिटून माना डोलावत होते. मी हुरळलो. ते वाइन हुंगत होते. कौतुक झालंच नाही असं नाही. एका गृहस्थांनी वाल्मीकचा हात हातात घेऊन सांगितलं, की इतकी गोड सारंगी त्यांनी आजवर ऐकली नव्हती.

आणि यंदाच्या दसऱ्याला एका संगीत मंडळानं वाल्मीकला एकल वादन दिलं. गायकाच्या मागे नाही, जेवणाच्या बाजूला नाही, मंचाच्या मधोमध. त्यानं लगेच आईला सटाण्याहून बोलावून घेतलं. कुसाबाईंनी त्याला सभागृहात कधी ऐकलंच नव्हतं. एकदा ऐकलं की आई बँड म्हणणार नाही, एवढीच त्याची आशा होती.

आदल्या दिवशी खंडेनवमी. शेतकऱ्याच्या घरी त्या दिवशी विळे, नांगर, ट्रॅक्टर धुऊनपुसून पुजतात. आमच्याकडे विद्यार्थी आपापली वाद्यं आणून मांडतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. वाल्मीक फुलं आणायला गेला आणि पूजा कुसाबाईंनी हाती घेतली. माझ्या कपाळी कुंकू आलं, मी सोसलं. झेंडू आला, तोही सोसला. मग त्यांनी गज उचलला.

मित्रांनो, गज म्हणजे ज्या काठीनं मला वाजवतात ती. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. त्यांवर राळ घासली की केस तारेला धरतात आणि आवाज निघतो. या राळेची पांढरी भुकटी केसांवर दिसत राहते. कुसाबाईंना तो कोंडा वाटला.

त्यांनी खोबरेल कोमट केलं आणि अगदी निगुतीनं, मुळापासून टोकापर्यंत चोपडलं. मग वाल्मीकच्या जादा गजाला. मग क्लासमधल्या प्रत्येक गजाला. कुसाबाई भेदभाव करत नाहीत. मी ओरडलो असतो, पण ओरडायला मला गज लागतो.

दसऱ्याला दुपारी वाल्मीकनं मांडी घालून मला पायावर टेकवलं आणि गज ओढला. ओल्या फरशीवरून म्हैस घसरावी तसा तो घसरला. आवाज शून्य. त्यानं दुसरा घेतला, तिसरा घेतला. चौथ्याला त्यानं केस हुंगले.

"आई, याला काय लावलं?"

"खोबरेल," कुसाबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "कितलं कोरडं पडेल व्हतं. हत्यारले तेल नको का? तुना बाप पहारलेबी लावे. आते देख, कसं मऊ शे."

वाल्मीकनं तोंड उघडलं. मुलांनी गजाच्या केसांना नुसतं बोट लावलं तरी तासभर व्याख्यान देणारा माणूस हा. समोर कुसाबाई नव्या लुगड्यात उभ्या होत्या, कौतुकाची वाट बघत. त्यानं तोंड मिटलं. मी मात्र इतका वैतागलो, की माझी एक खुंटी आपोआप सैल झाली.

दुकानांना फोन केले. गिटार होती, ढोल होते, गज मागवावा लागेल म्हणाले. तेव्हा वाल्मीकला आठवलं, सहादूकाकांनी वाद्य पूजेला आणलंच नव्हतं. सरावात खंड नको, असं म्हणाले होते. तो स्कूटरवरून थेट त्यांच्या दारात गेला.

काकांनी पेटी उघडली. आत गज दुकानातल्या प्लॅस्टिकमध्ये होता, चिकटपट्टीसकट.

"सर," काका म्हणाले, "सराव मी मनातल्या मनात करतो."

"फार उपकार झाले," वाल्मीक म्हणाला आणि तिथंच जिन्यात बसून राळ घासू लागला. कोऱ्या केसांना राळ घासता घासता कार्यक्रमाची वेळ झाली.

मंचावर पहिला सूर असा निघाला, की तबलजीनं माझ्याकडे वळून पाहिलं. दुसरा बरा. मग केसांनी तार धरली आणि पूरिया धनाश्री सुरू झाला. त्या परक्या गजाला मनात शिव्या देत मी वाजलो, आणि मित्रांनो, खरं सांगतो, आजवर इतका चांगला वाजलो नव्हतो. कुसाबाई पहिल्या रांगेत, खुर्चीवर पाय वर घेऊन, खळ्यावर बसावं तशा बसल्या होत्या. तासभर हलल्या नाहीत.

नंतर माणसांचा गराडा पडला. मंडळाच्या एका बाईंनी कुसाबाईंना विचारलं, आपण कोण. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हाऊ मना पोऱ्या शे. हाऊ वाजवस, तेल मी लावस."

सहादूकाकांना खोकला आला. सगळे वाल्मीककडे वळले.

"हो," तो म्हणाला. "तेलाचं सगळं आईच बघते."

मित्रांनो, वाद्याची निगा राखा. त्याला उन्हात ठेवू नका, गिरणीवर तर ठेवूच नका. गजाला तेल लावू नका, कोमट करून तर मुळीच लावू नका. आणि कोणी लावलंच, तर ओरडण्याआधी कोणी लावलं ते बघा. गजाचे केस नवे बसवून मिळतात.