टाकीजवळचा बाक

या, असे जवळ सरका. पाय लांब करून बसलात तरी चालेल. दमलेल्या बाईची गोष्ट आहे, दमून ऐकलीत तरी तिला राग येणार नाही. एका बाकावर सुरू होते आणि त्याच बाकावर संपते. तेवढी ऐका, मग खुशाल आपापल्या कामाला लागा.

तर बाकावर आत्या बसली होती आणि तिच्या मांडीवर पिशव्या येऊन पडत होत्या. आधी पाण्याच्या बाटल्यांची, मग स्वेटरांची, मग भाचीची पर्स, आणि सगळ्यांत वर भाचीच्या लेकीची एक हात तुटलेली बाहुली.

"आत्या, सांभाळशील ना?" भाचीने विचारले. विचारायचे म्हणून विचारले, एवढेच. आत्याने आजवर काय सांभाळायचे शिल्लक ठेवले होते?

समोर बागेत दिवे लागले होते. थंडीच्या दिवसांत शहराबाहेरच्या त्या मोठ्या बागेत दिव्यांचे प्रदर्शन भरायचे. झाडाझाडाला दिव्यांच्या माळा, तारेची हरणे, दिव्यांचा लांबलचक बोगदा, आणि पार शेवटी, टेकाडाच्या पलीकडे, दिव्यांचे तळे. घरची मंडळी दरवर्षी यायची. आत्याही दरवर्षी यायची आणि पाण्याच्या टाकीजवळच्या या बाकावर बसायची. तिथून दिव्यांची मागची बाजू दिसे. वायरी, बांबू, खिळे. हरणे तिला ठाऊक होती ती पाठमोरीच.

घरात तिला खुंटी म्हणत. नाव भावाने ठेवलेले. "भिंत पडेल, पण आमची ताई हलायची नाही," असे तो चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

त्याला कारण होते. दोघे लहान असताना आई त्यांना असेच कुठल्याशा प्रदर्शनाला घेऊन गेली होती. गर्दी बघून तिने थोरलीला एका पायरीवर बसवले आणि बजावले, "तू इथून हलायचं नाही. जो चुकेल तो तुझ्याकडे येईल." आणि धाकटा खरोखरच चुकला. एका पायात बूट, दुसरा अनवाणी, नाक वाहतेय, असा रडत रडत पायरीपाशी आला आणि तिच्या मांडीत तोंड खुपसून झोपला. त्या दिवसापासून घराचा तो नियमच होऊन बसला. स्टेशन असो, समुद्र असो, दवाखाना असो, आधी ताईची जागा ठरायची, मग बाकीचे पांगायचे. आई गेली, नियम राहिला. लग्नाचे जमता जमता राहून गेले, तेही कदाचित त्यातच. बसलेल्या माणसाला लोक गृहीत धरतात. देव ज्याला त्याला जागा नेमून देतो म्हणतात. पण कधी कधी देवाच्या आधी घरचेच नेमून मोकळे होतात.

बसायला मिळते म्हणून ती सुखी होती असे मात्र समजू नका. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने सारी उमर उभ्याने काढली. वाफाळलेल्या चादरी, समोरासमोर दोघींनी चार कोपरे धरायचे, झटकायच्या, घडी घालायची. गुडघे गेले, बोटांची पेरे सुजली. कोणी विचारले तर म्हणायची, "दमायला काय झालंय? चादरीला कुठं वजन असतं?" ओल्या चादरीला किती वजन असते, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसायचे आणि ती सांगायची नाही.

भाऊ सिनेमागृहात होता. अंधारात टॉर्च मारून लोकांना खुर्च्या दाखवायच्या, हे त्याचे काम. उशिरा आलेल्या मोठ्या साहेबालाही तो त्याच अदबीने वाकून सांगे, "सावकाश या. पायरी आहे." अशा माणसाला, बघा, म्हातारपणी घरातल्या घरात वाट सापडेना. न्हाणीघर समजून कपाटाचे दार उघडायचा. बायकोला आईच्या नावाने हाक मारायचा. पोटच्या मुलीला एकदा म्हणाला, "तुम्ही कुणाकडे आलात?" ती पोर स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत रडली.

ताईला मात्र तो विसरला नव्हता. ती बाहेरून आली की मान वर करून म्हणायचा, "आली खुंटी." ते दोन शब्द ऐकायला ती जिना चढायची. हेही एक दिवस जाणार, हे तिला दिसत होते. दारापाशी आल्यावर ती क्षणभर थांबायची, श्वास घ्यायची आणि मगच कडी वाजवायची.

तर त्या संध्याकाळी सगळे निघणार, तेवढ्यात भावजय मागे वळली. तीही थकलेलीच. नवऱ्यामागे दिवसभर फिरून तिचेही डोळे खोल गेले होते.

"वन्सं, आज तुम्ही जा. मी बसते."

"मी? मला काय करायचंय बघून?"

"कधीतरी समोरून बघा की. एवढं ते तळं म्हणतात, तुम्ही पाहिलंयत का?" आणि तिने मांडीवरच्या पिशव्या उचलून घेतल्या. "आमची पाळी समजा."

आत्या उठली. उठताना गुडघे वाजले. हात रिकामे झाले, तर त्यांचे काय करावे तेच तिला समजेना. आधी मागे बांधले, मग पुढे, मग पदरात गुंडाळले. भाऊ, भाची आणि छोटी हरणांकडे वळली. आत्या आपल्या चालीने बोगद्यात शिरली.

काय सांगू तुम्हाला! माणसे दिवे बघत होती, फोटो काढत होती, मुले पळत होती, आणि ही बाई त्या उजेडातून चालत होती, आयुष्यात पहिल्यांदा कोणाचेही काही हातात नसताना. बोगदा संपला, टेकाड आले. वर पोचल्यावर खाली तळे दिसले. पाण्यावर लहान लहान दिवे सोडले होते, वाऱ्याने ते एका काठाकडे सरकत होते, आणि पाणी त्यांना परत आणत होते. ती बघत उभी राहिली. चांगले दिसत होते. पण मनात आले ते एवढेच, की बाळ्याला दाखवायला हवे. टक्कल पडलेला साठीपलीकडचा तो माणूस तिच्या तोंडी अजून बाळ्याच होता.

आणि तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला. राखाडी स्वेटर घातलेले एक वृद्ध गृहस्थ हरवले आहेत, स्वतःचे नाव त्यांना सांगता येणार नाही, दिसल्यास फाटकाशी आणावे.

ती तशीच मागे वळली. बोगद्याची वाट एकाच दिशेची होती. ती उलटी शिरली. लोक म्हणाले, आजी, इकडून नाही. ती म्हणाली, "हो, हो," आणि चालत राहिली. मनाशी एकच धरून होती: बाळ्या बाकाकडे येईल. सगळे विसरेल, हे विसरायचा नाही. आणि बाकावर कोणीतरी आहे.

हरणांपाशी भावजय समोरून धावत आली. केस सुटलेले, चप्पल हातात. छोटीच्या बुटाचा बंद बांधायला भाची खाली वाकली, तेवढ्यात हे निसटले, तिचा फोन आला नि मी उठलेच, असे तिने धापा टाकत कसेबसे सांगितले.

आत्याने तिचे मनगट धरले. "बाकावर कोण आहे?"

भावजयीने वळून टाकीकडे पाहिले. तिचा चेहराच सगळे बोलला. एवढ्या वर्षांत त्या घरातल्या कोणी न केलेली चूक तिच्या हातून झाली होती, आणि तीही माया करायला जाऊन. आत्या तिला रागावली नाही. "चल," एवढेच म्हणाली.

टाकीजवळ उजेड कमी होता. लांबूनच दिसले, बाकावर कोणीतरी ताठ बसले होते. राखाडी स्वेटर. मांडीवर सगळ्या पिशव्या नीट रचलेल्या, आणि बाहुली सर्वांत वर, पडू नये म्हणून एका हाताने धरलेली.

भावजयीने तिथेच तोंडाला पदर लावला. दुसरीकडून भाची छोटीला कडेवर घेऊन धावत आली आणि हाक मारणार, तो आत्याने हात वर करून तिला थांबवले. एकटीच पुढे गेली. दारापाशी थांबायची तशी क्षणभर थांबली, श्वास घेतला आणि बाकावर टेकायला गेली.

भावाने तळवा आडवा धरला. "ही जागा घेतलेली आहे, बाई. माझी ताई बसते इथं."

ती वाकली होती ती तशीच राहिली. "कुठं गेली?"

"चुकली गर्दीत. कधी चुकत नाही ती." त्याने पिशव्या जवळ ओढल्या. "पण येईल. आमच्यात जो चुकतो तो इथंच येतो. म्हणून मी हलत नाही."

मग त्याला एकदम आपले काम आठवले असावे. बाहुली डाव्या हातात घेतली, हातात नसलेल्या टॉर्चच्या बटणावर अंगठा ठेवला, आणि उजव्या हाताने पलीकडची रिकामी जागा दाखवली. "शेजारची मोकळी आहे. सावकाश बसा. पायरी आहे."

पायरी नव्हती. तरी तिने पाय उचलून टाकला आणि बसली.

"तुमचंही कुणी हरवलंय का?" थोड्या वेळाने त्याने विचारले.

"हो. धाकटा भाऊ."

"येईल. बसा."

बागेतले दिवे एकेक रांग करून मालवू लागले. आधी तळे गेले, मग बोगदा, मग हरणे. लोक फाटकाकडे निघाले. भाची पाऊल पुढे टाकणार, तर तो अदबीने म्हणाला, "घाई नको. आधी लोक जाऊ द्यायचे." म्हणून सगळीच थांबली. त्याच्या हाताला थंडी लागत होती. आत्याने आपली शाल सोडली आणि अर्धी त्याच्या मांडीवरच्या पिशव्यांवर टाकली. त्याने ती हटवली नाही.

एवढीच गोष्ट. आता उठा, पण जाता जाता एक मागतो, नाही म्हणू नका. पुढच्या वेळी काही बघायला जाताना कोणाच्या मांडीवर पिशवी ठेवाल, तेव्हा या गोष्टीतल्या बाईची आठवण काढा. आणि परत आल्यावर आधी बसलेल्या माणसाला हाक मारा, पिशवी मग घ्या.