ताको

"आई, हारुकाकडे ताको बनवते, मग आम्ही नदीवर जाणार," अनया म्हणाली. ही हल्ली निम्मं जपानीतच बोलते. इचिकावात येऊन वर्ष झालं, तरी माझं जपानी बाजारापुरतंच. ताको म्हणजे ऑक्टोपस, एवढं ठाऊक होतं.

"जा बाई, पण तो वास घरात आणू नकोस!" मी फणकारले.

तासाभरात आभाळ काळवंडलं, गडगडायला लागलं. खिडकी लावताना तिचा शाळेचा तक्ता दिसला. वादळात पतंग उडवून विजेचा शोध घेणारा फ्रँकलिन. पतंगाच्या दोऱ्याला किल्ली बांधलेली. पतंगाखाली तिनं जपानीत काहीतरी लिहिलं होतं. मी एकेक अक्षर लावून वाचलं: ता-को.

दाराकडे धावले. खिळ्यावर घराची किल्ली नव्हती.