वास मलाच का येतो

बाबांची जुनी गाडी मी चालवली की पेट्रोलचा वास यायचा. दादाने चालवली की नाही. "हिच्या नाकाचेच फार नखरे," असं तो घरभर सांगत सुटला.

शेवटी वैतागून मी नेहमीसारखी टाकी फुल्ल केली आणि त्याला घेऊन गॅरेज गाठलं. मेकॅनिकने गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवला. थोड्या वेळाने मागच्या चाकापाशी ओला डाग उमटला. पेट्रोल टाकीत उतरतं तो रबरी पाइप वरच्या जोडापाशी चिरला होता.

"टाकी काठोकाठ भरली तरच गळणार," मेकॅनिक म्हणाला.

दादाचा हात कायम आखडता. अर्ध्या टाकीच्या वर तो कधी जातच नाही.

मला वाटलं, आता तरी ओशाळेल. कसलं काय. पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला, "मग इतकं भरतेसच कशाला?"