आतल्या बाजूची कडी

लंबूनं आपल्या खोलीच्या दाराला आतून तिसरी कडी बसवली, तेव्हा त्याच्या बापाची छाती अभिमानानं फुगली. हो, अभिमानानं! बाप कुलूपवाला. चौकातल्या दुकानात पंचवीस वर्षं किल्ल्या घासलेला माणूस. दार दिसलं की आधी तो चौकट बघणार, मग कडी सरळ बसलीय का ते, मग स्क्रूच्या खाचा सगळ्या उभ्या आहेत की नाहीत ते. इथं त्या उभ्या होत्या. चौदा वर्षांच्या पोरानं लाकडाला कुठं चीर न पाडता पितळी कडी अशी काही बसवली होती, की कुलूपवाल्यानं तिचा फोटो काढला आणि येईल त्या गिऱ्हाइकापुढं मोबाईल नाचवला. "बघा, रक्तातच आहे!"

एका दाराला तीन कड्या कशाला, हे मात्र या शहाण्यानं विचारलं नाही. त्याच्या धंद्याचे दोन नियम होते, त्याच्या बापानं घालून दिलेले. गिऱ्हाइकाला 'कशाला' म्हणून विचारायचं नाही, आणि एकाच्या कुलपाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही. नियम चांगलेच आहेत. फक्त ते दुकानात ठेवायचे असतात. हा बाबा ते घरी घेऊन आला होता.

बाकी सांगायला पोरानं काय कमी केलं होतं? सहा महिन्यांत ताटातलं अर्धं टाकायला लागला. दिवसातून तीन-तीनदा आंघोळ. कोणी मागून खांद्यावर हात ठेवला की असा दचकायचा, की हात ठेवणाराच घाबरायचा. पोहण्यात क्लबाचा पहिल्या नंबरचा गडी, आणि एक दिवस पोहण्याचा चष्मा पायाखाली चिरडून म्हणाला, "मी तलावावर जाणार नाही." आई म्हणायची, "अहो, याचं काहीतरी बिनसलंय." त्यावर कुलूपवाला म्हणायचा, "वयात आलंय पोर." शाळेत मास्तर म्हणाले, वयात आलाय. डॉक्टरांनी भुकेचं औषध दिलं आणि तेही तेच म्हणाले. त्या एका वाक्याच्या पांघरुणाखाली जगातलं काय वाट्टेल ते झाकता येतं. मुलगी असती तर चौघांनी चार शंका काढल्या असत्या. मुलाच्या बाबतीत सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

ते ओढून काढलं लंबूच्या आत्यानं. कुलूपवाल्याची ही थोरली बहीण इस्पितळात परिचारिका होती. चार दिवसांसाठी आली होती. भाऊ कौतुकानं तिला दार दाखवायला घेऊन गेला. लंबू शाळेत होता.

आत्यानं कड्या पाहिल्या. स्क्रूच्या खाचा नाही पाहिल्या.

"कोणाला बाहेर ठेवायचंय त्याला?" तिनं विचारलं.

"बाहेर कोणाला? अगं, हौस आहे त्याला."

"हौस एका कडीत भागते. कधी कधी बसवल्या या?"

ते कुलूपवाल्याला पाठ होतं, माल त्याच्याच दुकानातला. पहिली परीक्षेच्या आधी. दुसरी पोहण्याच्या शिबिराहून आल्यावर. तिसरी आत्ता, गेल्या सोमवारी.

"आणि त्याच्या आदल्या दिवशी घरी कोण आलं होतं?"

"कोणी नाही गं. त्याचे पोहण्याचे सर आले होते. हा यायचा बंद झाला ना, म्हणून समजूत घालायला. एवढा मोठा माणूस स्वतः घरी आला! मीच म्हटलं, सर, वर जा, खोलीतच आहे, तुमचं ऐकेल तो."

आत्या पलंगाच्या कडेला बसली. मग हळूच म्हणाली, "तूच म्हटलंस."

कुलूपवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली. तोंडानं मात्र तो म्हणाला, "काहीतरीच काय, ताई! मुलगा आहे तो."

"मुलगा आहे म्हणूनच कोणी बघितलं नाही. माझ्या वॉर्डात येतात अशी पोरं. हात मोडलेला असतो, गोळ्या खाल्लेल्या असतात, आणि घरचे म्हणतात, वयच तसं आहे." ती उठली. "त्याला समोर बसवून उलटतपासणी घेऊ नकोस. काम करता करता बोल. आणि तो जे सांगेल त्यावर पहिलं वाक्य एकच, माझा विश्वास आहे. म्हणता येईल ना एवढं?"

"येईल की. न यायला काय झालं?"

नाही आलं. तेच तर सांगायचंय.

संध्याकाळी दुकानात दोघं बाप-लेक कामाच्या ठोकळ्यापाशी शेजारी-शेजारी बसले. लंबू एका जुन्या कुलपातल्या पिना चिमट्यानं काढून ओळीत मांडत होता. कुलूपवाला किल्ली घासत होता, आणि ती किल्ली आज सरळ घासली जात नव्हती.

"लंबू, त्या कड्या," तो म्हणाला. "कोणी त्रास देतं का तुला?"

पोराचा चिमटा थांबला. मग लंबू पिनांकडं बघत म्हणाला, "सर."

"सर काय?"

"तलावावर सामानाची खोली आहे ना. तिथं. शिबिरात पण. नको ते करतात. मला पण करायला लावतात." त्यानं एक पिन ओळीत सरकवली. "आतून कडी लावून घेतात. ती कडी तुम्हीच बसवलीत, बाबा."

खरं होतं. गेल्या वर्षी सरांनी बोलावलं होतं. चेंडू, तरंगायच्या फळ्या आणि दोऱ्या ठेवायची खोली. अशा खोलीला कुलूप बाहेरून लागतं. आत कोण बसणार आहे कडी लावून? पण गिऱ्हाइकाला कशाला विचारायचं नाही! चार स्क्रू, चारही खाचा उभ्या. वर सरांचा चहा पिऊन आला होता.

अशा वेळी माणसानं काय म्हणावं, हे बहिणीनं त्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. एवढंसं वाक्य. आणि हा माणूस काय म्हणाला? म्हणाला, "नक्की ना?" आणि मग, "अरे, पण तू एवढा धिप्पाड, ओरडला का नाहीस? एक लाथ घालायची!"

लंबूनं चिमटा खाली ठेवला. पिना ओळीत तशाच होत्या. तो उठून घरी गेला आणि तिन्ही कड्या लावून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दार उघडलं नाही. आई ताट ठेवून जायची आणि तसंच उचलून आणायची. आत्यानं भावाला असं फाडून खाल्लं की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. "लाथ घालायची म्हणे! त्याच माणसाच्या पाया पडायला कोणी लावलं होतं त्याला? सर सांगतील ते ऐकायचं, हे कोणी शिकवलं? तू! आणि आता विचारतोयस, ऐकलंस का म्हणून!"

कुलूपवाला वर गेला. गावातलं कुठलंही दार दोन मिनिटांत उघडणारा हा माणूस. हत्यारांची पिशवी त्यानं सवयीनं आणली होती. बिजागऱ्या बाहेरून काढल्या असत्या तर तीन काय, तीस कड्या असून उपयोग नव्हता. बायको जिन्यातून म्हणाली, "अहो, काढा ना दार. जिवाचं काही बरंवाईट केलं तर?"

आतून पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज आला. पोर जागं होतं, ठीक होतं. कुलूपवाल्यानं पिशवी बायकोच्या हातात दिली.

"आणखी एक जण त्याच्या मर्जीविरुद्ध आत शिरायला नको," तो म्हणाला. आणि दाराला पाठ टेकून खाली बसला.

"लंबू, मी चुकीचं विचारलं," तो दाराला म्हणाला. "मला भीती वाटली, म्हणून ते बरळलो. तू खरं सांगितलंस. तुझी काही चूक नाही. त्याला वर मी पाठवला. ती माझी चूक. कडी बसवली ती पण माझीच. मी इथंच आहे. उघड म्हणणार नाही."

आणि खरंच म्हणाला नाही. पायाला मुंग्या आल्या, पाठ धरली, चौकातलं दुकान उघडायची वेळ टळून गेली. चार वाजता एक कडी सरकली. बऱ्याच वेळानं दुसरी. तिसरीला आणखी वेळ लागला. लंबू दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई कुठंय? भूक लागलीय."

आता क्लबाचं ऐका. कुलूपवाला दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या क्लबाच्या कार्यालयात गेला. तिथं कपाटभर चषक, आणि त्यांच्यापुढं अध्यक्ष. कुलूपवाल्यानं सगळं सांगितलं. अध्यक्षांनी आधी दार लोटून घेतलं.

"हे बघा, मुलगी असती तर मी समजू शकलो असतो," अध्यक्ष म्हणाले. "पण मुलांमध्ये थोडी मस्करी चालते. आणि सरांनी या क्लबाला काय काय मिळवून दिलंय, तुम्ही बघताच आहात. उगाच मुलाचंच नाव खराब होईल. उद्या लोक त्याच्याकडं कसं बघतील?"

कुलूपवाल्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कोणाचं नाव खराब होईल? ज्यानं केलं त्याचं नाव चषकांवर कोरलेलं, आणि ज्याच्यावर झालं त्यानं तोंड लपवायचं? मुलगी असती तर, म्हणे! ह्यांच्या हिशेबी मुलाच्या अंगाला कातडीच नसते!

"मस्करीला आतून कडी लागत नाही, साहेब," तो म्हणाला, आणि इतक्या जोरात उठला की खुर्ची आडवी झाली. ती त्यानं उचलली नाही. बाहेर तलावावर शिट्टी वाजत होती आणि लहान-लहान पोरं काठावर रांगेत उभी होती. त्या शिट्टीच्या दिशेनं त्याचे पाय वळले होते. पण सरांना मारून आपण कोठडीत गेलो, तर लंबूबरोबर ठाण्यात कोण जाणार, असं आत्यानं सकाळीच बजावलं होतं. या वेळी त्यानं बहिणीचं ऐकलं.

पोलीस ठाण्यात अधिकारी बाई होत्या. त्यांनी आधी कुलूपवाल्याचा जबाब घेतला. त्यानं धंद्याचा दुसरा नियम तिथं मोडला. कोणी बोलावलं, कोणत्या महिन्यात, कोणती कडी, दाराच्या कोणत्या बाजूला, सगळं सांगितलं. वहीत बघून तारीखही दिली. "लिहा," तो म्हणाला. "आतल्या बाजूला. माझं नाव घालून लिहा."

मग बाई लंबूकडं वळल्या. "वडील बाहेर थांबले तर तुला बोलायला सोपं जाईल का?"

लंबूनं विचार केला. "बसू देत. फक्त मध्ये बोलायचं नाही."

कुलूपवाल्यानं मान डोलवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. लंबू सांगत गेला. थांबत, पाणी पीत, एकदा रडत. बापानं पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. लिहिता लिहिता बाईंनी वर न बघता विचारलं, "मग तू ओरडला का नाहीस?"

कुलूपवाल्याच्या घशात शब्द आले होते. त्यानं ते गिळले. लंबूनं सरळ बाईंकडं पाहिलं.

"माझ्याआधीचे दोघं आता पोहायला येत नाहीत," तो म्हणाला. "मी तुम्हाला त्यांची घरं दाखवतो. पण त्यांना हे विचारू नका."